पलंग निघाल्यापासून प्रक्षाळपूजेपर्यंत

दशमी

पुण्याहून पंढरपूरला जाणारी गाडी भिगवणच्या पुढे आली की डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागतं. यंदा परतीचा पाऊस दिवाळीच्या फराळापर्यंत रेंगाळला, त्यामुळे काठावरच्या बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. रोहित पक्षी मात्र आलेले नव्हते. शेजारच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "थंडी पडल्याबिगर ते कशाला येतील?" दुपार कलली होती, कार्तिकातली दशमी आली होती आणि एसटीच्या खिडकीतून येणारा वारा चक्क गरम लागत होता.

टेंभुर्णीला गाडी पंढरपूरच्या रस्त्याला लागली आणि ऊसतोडीच्या टोळ्या भेटायला लागल्या. बीडकडून आलेले ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीत कोप्यांचे, म्हणजे झोपड्यांचे बांबू, हंडे, कोंबड्या आणि सगळ्यात वर बसलेली पोरं. त्याच रस्त्याच्या कडेने भगव्या पताका घेऊन दिंड्या चाललेल्या. कारखान्यांचा गळीत हंगाम आणि विठोबाची कार्तिकी यात्रा इथे मागेपुढेच सुरू होतात. ट्रॉलीवरच्या एका बाईने दिंडीकडे बघून चालत्या गाडीतूनच हात जोडले. तिला यात्रेला थांबता येणार नव्हतं. टोळीने मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले की एकादशीला सुटी नसते.

मावशीचं घर देवळाच्या मागच्या बोळात आहे. खालच्या सोप्यात हिंगोलीकडची एक दिंडी उतरते, तिच्या सासऱ्यांच्या काळापासून. भाडं ठरलेलं नाही. जाताना देवाजवळ काहीतरी ठेवतात आणि मावशी त्यातलं थोडं प्रसाद म्हणून परत देते, असा व्यवहार. मी पोचले तेव्हा सोप्यात सतरंज्या पसरलेल्या, भिंतीला पखवाज टेकवलेला आणि एकुलत्या प्लगपाशी मोबाइलचे चार्जर एकमेकांत गुंतलेले. एका म्हातारीने मला बघितल्या बघितल्या विचारलं, "बाई, तुमच्याकडं त्या बारीक पिनचं हाये का?" माझ्याकडे होतं. ओळख तिथेच झाली.

रात्री गच्चीवर काकांनी सांगितलं की देवाचा पलंग निघून आठवडा झाला.

हे पंढरपूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. यात्रा जवळ आली की गर्दीला चोवीस तास दर्शन मिळावं म्हणून विठोबाच्या शेजघरातला पलंग विधिपूर्वक बाहेर काढतात. रात्रीची शेजारती बंद, पहाटेचा काकडा बंद. मग यात्रेनंतरच्या प्रक्षाळपूजेपर्यंत देव झोपत नाही, विटेवर उभाच. उभ्याने पाठ अवघडेल म्हणून त्याच्या पाठीशी मऊ कापसाचा लोड लावतात. रुक्मिणीला तक्क्या देतात.

माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये देव्हारा आहे, पण सासूबाई गेल्यापासून तिथे दिवा सणावारालाच लागतो. देव आहे की नाही यावर मी कॉलेजात हिरिरीने भांडले आहे, तेही दोन्ही बाजूंनी. पण देवाची पाठ दुखेल म्हणून कुणी लोड लावतो, यावर काय वाद घालणार? मी काकांना फक्त विचारलं, लोड रोज बदलतात का. काका शिक्षक होते. अचूक माहीत नसेल तिथे ते गप्प बसतात, तसे बसले.

एकादशी

शास्त्र असं की आषाढी एकादशीला देव झोपतो आणि आज, प्रबोधिनीला, उठतो. पंढरपुरात सगळं उलटं. झोपायच्या दिवशीही तो जागा, आणि उठायच्या दिवशी आठवडाभराचं जागरण अंगावर घेऊन उभा. ही विसंगती मी मावशीला दाखवली. ती साबुदाणा परतत होती. म्हणाली, "घरात एवढे पाहुणे आल्यावर कोण झोपतं गं?"

मध्यरात्रीनंतर शासकीय महापूजा झाली. आषाढीला मुख्यमंत्री, कार्तिकीला उपमुख्यमंत्री, अशी रीत. राज्याला उपमुख्यमंत्री दोन झाल्यापासून कार्तिकीच्या आधी पूजेचा मान कुणाला, ही चर्चा पंढरपुरात चवीने होते. रांगेतल्या एका वारकरी जोडप्यालाही पूजेला बसवतात. सोप्यातल्या मंडळींना त्या जोडप्याचं गाव माहीत करून घेण्यात रस होता, मंत्र्यांत नव्हता.

देवाच्या पायांना हात लावायची, पदस्पर्शाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेली होती. मी रांगेत उभी राहिले नाही. नामदेव पायरीशी डोकं टेकवलं आणि कळस बघितला. हे दर्शन कमी प्रतीचं मानत नाहीत, उलट कितीतरी जुने वारकरी एवढंच करून परत फिरतात. पायरीसमोर चोखोबाची, म्हणजे संत चोखामेळ्याची समाधी. चोखोबाला हयातीत आत जाता आलं नाही, आणि त्याच्या समाजातल्या लोकांना त्यानंतर सहाशे वर्षं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी इथे उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडायला सुरुवात झाली. पंढरपूरच्या भक्तीबद्दल गोड बोलताना ही समाधी नजरेआड करायची सोय नाही. ती अगदी वाटेत आहे.

तिथेच ती चार्जरवाली म्हातारी भेटली. नऊवारी, कपाळावर बुक्का, हातात मोबाइल. नातवाला व्हिडिओ कॉल लावला होता. तो हिंजवडीत कामाला. ती फोन कळसाकडे धरून ओरडत होती, "दिसला का? वरी बघ, वरी!" पलीकडून तो पोरगा म्हणत होता, "आजी, कॅमेरा उलटा आहे, मला तूच दिसतेस." तिने फोन फिरवला नाही. म्हणाली, "मग माझ्याच पाया पड." मी जवळ जाऊन बटण दाबून दिलं. पोराने ऑफिसच्या पँट्रीत उभ्या उभ्या हात जोडले, मागे कॉफीचं मशीन दिसत होतं. त्याला तीन की चार सेकंद कळस दिसला असेल, मग नेटवर्क गेलं. एकादशीला पंढरपुरात नेटवर्क टिकणं हा चमत्कारच असतो.

बुक्क्याच्या, तुळशीमाळांच्या, चुरमुऱ्यांच्या दुकानांत क्यूआर कोडच्या पाट्या आहेत आणि पैसे आले की साउंड बॉक्स आकडा पुकारतो. टाळांच्या गजरात मधेच "वीस रुपये प्राप्त हुए". माझ्याबरोबर मुंबईहून आलेलं कुणी असतं तर म्हणालं असतं, काय हे, सगळं बिघडलं. मला नाही तसं वाटत. वारकरी टेपरेकॉर्डरला बिचकला नाही, जीपला बिचकला नाही, मोबाइलला कशाला बिचकेल? आपणच शहरात बसून त्याने जुनं राहावं अशी अपेक्षा धरतो, आणि फोटो काढायला येतो.

थंडीचं म्हणाल तर घोंगडीवाले महाद्वार रस्त्यावर बसले होते. काळी, पांढरी, काठाची घोंगडी. एकाला विचारलं, धंदा कसा? त्याने घाम पुसला. "बघताय न्हवं. लोक हात लावत्यात, जड हाय म्हणत्यात आन् पुढं जात्यात."

द्वादशी

पहाटे गावभर फोडण्यांचा वास. उपास सुटला. चातुर्मास संपला म्हणून मावशीने भरलं वांगं केलं, त्यात कांदा लसूण हात सैल सोडून. सोप्यातल्या बायकांनी ज्वारीच्या भाकरी थापल्या. चुलीऐवजी गॅसची शेगडी, पण पीठ गावचं. मी जेवून वर गेले, कारण दहाला मीटिंग होती.

ऑफिसने हवं तिथून काम करायची मुभा दिली आहे, म्हणून तर आले. वरच्या खोलीत खिडकीशी लॅपटॉप ठेवला. मीटिंग डिसेंबरअखेरच्या कामांची. आमच्या ऑफिसात वर्षभर चोवीस अंश असतात. तिथे मार्गशीर्ष आणि वैशाख यांत फरक एवढाच की एकात वार्षिक सुट्ट्यांचे अर्ज असतात. मी स्वेटर वापरते ते मे महिन्यात, एसीखाली बसून.

संध्याकाळच्या मीटिंगला बोळात तुळशीचं लग्न लागलं. मावशीची तुळस दारातच आहे, वर उसाचा मांडव, कुंडीत आवळा-चिंच खोचलेली. भटजींनी मंगलाष्टकं स्पीकरवर धरली. पलीकडून आमचे साहेब म्हणाले, "लग्नात आहात का? मग सांगायचं ना!" मी म्हणाले, तुळशीचं आहे, चालू द्या. क्षणभर सगळे गप्प, मग गुडगावच्या एकाने विचारलं, किसका? मी माइक बंद करून खाली गेले आणि अक्षता टाकून आले. आवळा, चिंच, बोर, ऊस असा थंडीचा मेवा त्या दिवशी पहिल्यांदा घरात येतो. मावशीला बोरं मिळाली नव्हती. "झाडाला फुलंच उशिरा धरली यंदा," ती म्हणाली, आणि बोरांऐवजी पेरू ठेवला.

चतुर्दशी

मधला दिवस सर्दी आणि कामात गेला. चतुर्दशीला रविवार होता, म्हणून काकांच्या स्कूटरवर मंगळवेढ्याला गेलो. वीस-पंचवीस किलोमीटर. माझं जायचं कारण ज्वारी.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. काळी, खोल, भारी जमीन. मालदांडी ज्वारी इथे पाणी न देता येते. पावसाने जमिनीत मुरवलेली ओल आणि नंतरची थंडी, एवढ्यावर. दवाने पान भिजतं आणि कणीस भरतं असं शेतकरी सांगतात. पण पेरायला आधी वाफसा यावा लागतो, म्हणजे जमीन ओली असावी पण पायाला चिकटू नये. रस्त्याकडेच्या एका शेतात काकांच्या ओळखीचे गृहस्थ बांधावर उभे होते. एका तुकड्यात ज्वारी वीतभर आलेली, दुसऱ्यात नुसता चिखल वाळून भेगाळलेला.

"तिकडचं पेरलंच नाही?" काकांनी विचारलं.

"वाफसाच आला न्हाई, सर. पाऊस उघडला तवा पेरणीची वेळ निघून गेलती. आता पेरून थंडी कुठली गावायची?" त्यांनी पायाने एक ढेकूळ उचकटलं. वरून पांढरं पडलेलं, आत काळंभोर ओलं. ते त्यांनी हातात घेऊन दाबलं, पुन्हा दाबलं आणि टाकून दिलं. "हरभरा टाकतो बघू. न्हाईतर ऊस. समदे उसालाच लागल्यात."

हवामानाबद्दल मी ऑफिसात बरेच तक्ते बघितले आहेत. त्या ढेकळाएवढं मला त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

गावात दामाजीपंतांचं देऊळ आहे. दुष्काळात बादशहाचं धान्यकोठार भुकेल्यांना लुटवणारा हा अधिकारी, आणि विठोबाने विठू महाराच्या रूपात बेदरला जाऊन त्याची भरपाई केली अशी कथा. चोखोबाही इथेच राहायचा. 1338 मध्ये गावकुसाचं काम करताना कूस कोसळलं आणि तो इतर मजुरांबरोबर त्याखाली गाडला गेला. नामदेवांनी येऊन हाडं शोधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबाची, असं ओळखून ती पंढरीला नेली. लहानपणी ही गोष्ट मला चमत्काराची वाटायची. आज बांधकामावरच्या अपघाताची वाटली. बाकीच्या मजुरांची हाडं कुणी शोधली असतील का, हा प्रश्न मी काकांना परतीच्या वाटेवर विचारला. वाऱ्यात त्यांना ऐकू गेला नसावा.

सूर्य बुडाल्यावर मात्र स्कूटरवर गार लागलं. कालव्याजवळून जाताना तर अंगावर काटाच आला. काकांनी मफलर काढून गुंडाळला. बरोबर आणला होता म्हणजे, इतक्या उकाड्यातही.

पौर्णिमा

गोपाळपूरला काला. टेकाडावरच्या देवळात दिंड्या चढत होत्या, दही-लाह्या हातोहात फिरत होत्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. इथे जनाबाईचं जातं दाखवतात. बायका ते एक फेरा ओढतात. माझ्या पुढच्या बाईने ओढलं आणि म्हणाली, "हलकं हाय की गं!" घरी मिक्सर असणार, पण मनगटात जोर जात्याचा होता.

काल्यानंतर पांडुरंगाची पालखी आळंदीला निघते. ज्ञानोबांच्या समाधी सोहळ्याला कार्तिक वद्यात तो स्वतः हजर राहतो. आषाढात भक्त देवाकडे येतात, कार्तिकात देव भक्ताकडे जातो. परतभेटीची ही पद्धत आमच्याकडे सोयरिकीत पाळतात.

हिंगोलीची मंडळी दुपारी निघाली. कापूस वेचणीचा आहे, मजूर मिळत नाहीत, थांबायला वेळ नव्हता. आजीने माझ्या चार्जरची पिन नीट बघून घेतली. असलंच घ्यायला सांगते म्हणाली नातवाला.

रात्री चंद्रभागेत द्रोणांतून दिवे सोडले होते. वाळवंटात पत्रावळी, प्लॅस्टिकच्या बाटल्या, फाटक्या चपला यांचा खच. नगरपालिकेचे कामगार ट्रॉल्या भरत होते, हातमोजे कुणाच्याच हातात नव्हते. उजनीतून सोडलेलं यात्रेचं पाणी ओसरायला लागलं होतं. चंद्रभागा मैली झाली म्हणून हळहळणारे पुष्कळ, त्यांतला मीही एक. पण पायाजवळची बाटली आम्ही कुणी उचलली नाही, हेही खरं.

प्रक्षाळपूजा

पौर्णिमेनंतर पंढरपूर दमून बसतं. दुकानदार दुपारी शटर ओढून झोपतात. माझी सर्दी वाढली, त्यात ऑफिसची मुभा होतीच म्हणून राहिले. काकांचा आग्रह होता, प्रक्षाळपूजा बघून जा.

प्रक्षाळ म्हणजे देवाचा शिणवटा काढणं. देऊळ धुऊन काढतात. इतक्या लाख माणसांनी ज्या पायांवर डोकं ठेवलं, त्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात. मग उंची पोशाख, दागिने, पक्वान्नांचा नैवेद्य. पलंग परत शेजघरात येतो. रात्री शेजारतीला देवाला काढा देतात, तुळस, सुंठ, मिरी वगैरे घालून उकळलेला. मग देव झोपतो.

पायांबद्दल एक सांगायला हवं. शेकडो वर्षांच्या स्पर्शाने आणि अभिषेकाने ते झिजले आहेत. 2020 च्या टाळेबंदीत, देऊळ बंद असताना, मूर्तीवर वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप करण्यात आला. 2024 मध्ये गाभाऱ्याच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श बंद ठेवला होता. ज्याला हात लावावा म्हणून माणसं रात्र रात्र उभी राहतात, त्याला त्या हातांपासूनच जपायचं, असा हा पेच आहे. पुरातत्त्ववाले म्हणतात स्पर्श कमी करा. वारकरी म्हणतो, मग आम्ही आलो कशाला? मला दोघांचंही पटतं, आणि मी रांगेत उभी राहत नाही याचं एक छोटं समर्थनही त्यात सापडतं.

काढ्याचं ऐकून मावशीनेही घरी काढा केला. तिच्या काढ्यात गवती चहा जास्त होता. तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "देव निमूट पितो."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांबरोबर काकड्याला गेले. रस्त्यावर शेकोटी पेटली होती, कुत्री तिच्याभोवती गोळा झालेली. मोबाइलवर तापमान एकोणीस दाखवत होतं. पुण्यातल्या मैत्रिणीला मी हे पाठवलं, तिने उत्तर दिलं, "एसी याहून खाली असतो आमचा."

प्रक्षाळपूजेनंतर विठोबाचा थंडीचा पोशाख सुरू होतो. काकड्याला त्याच्या डोक्याला आणि कानांना कानपट्टी बांधतात, अंगावर शाल आणि रजई घालतात. रजई ओढलेला देव मी पहिल्यांदाच बघितला. कमरेवरचे हात दिसत नव्हते. चेहरा तेवढा बाहेर, गंध लावलेला, आणि कानपट्टीमुळे गाल भरल्यासारखे वाटणारे. माझ्यापुढे एक पोरगा बापाच्या खांद्यावर होता, चारेक वर्षांचा, त्यालाही माकडटोपी घातलेली. त्याने मोठ्याने विचारलं, "पप्पा, देवाला सर्दी झाली?"

बाप काही बोलायच्या आत मागून एका बाईचं उत्तर आलं, "होऊ नये म्हणून घातलंय, बाळा." शिपाई "पुढं चला, पुढं चला" करत होता. काका बाहेर आल्यावर म्हणाले की अजून म्हणावी तशी थंडी नाहीच.

"मग रजई कशाला?" मी विचारलं.

"प्रक्षाळ झाली ना," काका म्हणाले, आणि चहाच्या टपरीकडे वळले. टपरीवाल्याने आल्याचा चहा दिला, साखर जास्त घालून. आठच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून मी परत महाद्वार रस्त्याला गेले. घोंगडीवाला सामान बांधत होता. पांढरं एक त्याच्याकडे उरलं होतं. मी किंमत विचारली, त्याने सांगितली, मी कमी करायला सांगितलं आणि तो म्हणाला, "बाई, रातीपास्नं गार पडायला लागलंय. आता कमी व्हायचं न्हाई."